शत्रूच्या गॅलरीत एक जागा: कोलकाता डर्बीचे तीन दिवस

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी मोहन बागानचा, म्हणजे कोलकात्याच्या त्या फुटबॉल क्लबचा भक्त. मराठी माणूस मोहन बागानचा कसा, असं मला कोलकात्यात तीन दिवसांत निदान दहा जणांनी विचारलं. उत्तर सोपं आहे, बाबा. बाबा तरुणपणी कूपरेजला रोव्हर्स कप बघायला जायचे, कोलकात्याचे क्लब यायचे तेव्हा तर ऑफिसला दांडी ठरलेली, आणि त्यांनी चुनी गोस्वामीला खेळताना बघितलं होतं. आमच्या घरात चुनी गोस्वामी म्हणजे देवघरातला एक जास्तीचा देव. 1962 च्या एशियन गेम्सचं गोल्ड जिंकणारा कॅप्टन आणि वर परत 1971-72 ला रणजी फायनलमध्ये आपल्या मुंबईविरुद्ध बंगालचा कॅप्टन. त्या फायनलमध्ये बाबा कुणाच्या बाजूने होते हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तर 2025 च्या ड्युरँड कपचा क्वार्टर फायनलचा ड्रॉ लागला आणि मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, एकाच शहरातले दोन जानी दुश्मन क्लब, म्हणजेच कोलकाता डर्बी, 17 ऑगस्ट, रविवार, सॉल्ट लेक स्टेडियम. शुक्रवारी 15 ऑगस्टची सुट्टी, म्हणजे लाँग वीकेंड. हातात जेमतेम काही दिवस होते, फ्लाइटचे रेट बघून डोळे पांढरे झाले, पण कोलकात्याच्या मित्राला फोन लावला तर तो म्हणाला तू ये फक्त, तिकिटाचं मी बघतो. तो ईस्ट बंगालचा आहे हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ काय हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

पहिला दिवस, शुक्रवार, 15 ऑगस्ट

पहाटेची फ्लाइट, साडेआठला दमदम, बाहेर पडलो आणि चष्म्यावर वाफ. टॅक्सीने जादवपूरच्या बाजूला मित्राच्या घरी पोचलो. दार त्याच्या आईने उघडलं, मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो "कशा आहात काकू", आणि आतून हसण्याचा स्फोट. बंगालीत काकू म्हणजे काका. काकूला काकिमा म्हणायचं. पुढचे तीन दिवस मित्राचे वडील आरशासमोर उभं राहून "काकू के, आमि ना ओ?" करत होते.

घराची राजकीय स्थिती अशी. मित्राचे वडील बांगाल, म्हणजे मूळचे पूर्व बंगालचे आणि त्यामुळे ईस्ट बंगाल, त्यांचे वडील बारिशालचे, फाळणीनंतर सगळं सोडून आले. काकिमा उत्तर कोलकात्याच्या, पक्क्या घोटी, म्हणजे पिढ्यान् पिढ्या इकडच्याच, आणि त्यामुळे मोहन बागान. हे लग्न 38 वर्षं टिकलंय. मी मोहन बागानचा आहे हे कळल्यावर काकिमांनी माझ्या ताटात दोन लुच्या जास्त वाढल्या आणि काकांकडे बघून काहीतरी म्हणाल्या जे मित्राने मला ट्रान्सलेट करून सांगितलं नाही.

सकाळी मैदानाकडे जाण्यात अर्थ नव्हता, रेड रोडवर परेड असते, रस्ते बंद. दुपारी गेलो, शेअर ऑटो आणि मग मेट्रोने एस्प्लनेड, तिथून चालत. मला पहिल्यांदा कळलं की हे दोन क्लब एकमेकांपासून किती जवळ आहेत. आपण टीव्हीवर बघतो तेव्हा वाटतं दोन देश असावेत. प्रत्यक्षात ईडन गार्डन्सच्या शेजारी मोहन बागानचं ग्राउंड आणि तिथून थोडं चाललं की ईस्ट बंगालचं. चहा घेऊन निघालं तर कप संपायच्या आत पोचाल. आणि क्लबच्या बिल्डिंगला अजून टेंटच म्हणतात, तंबू, कारण मैदानाची जमीन लष्कराची.

15 ऑगस्ट हा मोहन बागानचा वाढदिवस पण आहे, 1889 चा क्लब, म्हणजे देशाच्या आधी 58 वर्षं त्याच तारखेला. मी गेटसमोर उभा राहून फोटो काढला, मित्र म्हणाला मी काढणार नाही, हात विटाळेल, मग रस्त्यावरच्या एका पोराने काढून दिला. जवळच मोहन बागानचा जुना दिग्गज डिफेंडर गोष्ठ पालचा पुतळा आहे. बाबा असते तर इथे चप्पल काढली असती त्यांनी.

आणि अर्थात 1911. आम्ही मोहन बागानवाले कुठल्याही वादात हरायला लागलो की 1911 काढतो. 29 जुलै 1911, आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेची फायनल, ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1, शिवदास भादुडी आणि अभिलाष घोषचे गोल, आणि अकरापैकी दहा जण अनवाणी. मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट पतंगांची आहे. गर्दी एवढी होती की मागच्यांना काही दिसेना, मग स्कोअर कळवायला पतंग उडवले. विचार करा, आकाशात बघून कळायचं की किती झाले. आज समोरचा माणूस टीव्हीपेक्षा तीस सेकंद आधी ओरडला तरी आपण चिडतो.

मित्राने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाला, "1911 मध्ये आम्ही नव्हतो म्हणून जिंकलात."

हे मात्र खरं. ईस्ट बंगाल 1 ऑगस्ट 1920 चा, आणि तो जन्मलाच मुळी भांडणातून. मोहन बागानविरुद्धच्या मॅचमध्ये जोडाबागान क्लबने शैलेश बोस नावाच्या खेळाडूला बाहेर बसवला, तो पूर्व बंगालचा म्हणून बसवला असं म्हणणं होतं, तर जोडाबागानचेच व्हाइस प्रेसिडेंट सुरेशचंद्र चौधुरी रागाने बाहेर पडले आणि नवा क्लब काढला. म्हणजे फाळणीच्या 27 वर्षं आधी. लोकांना वाटतं हा निर्वासितांचा क्लब, पण क्लब आधी झाला आणि निर्वासित नंतर आले, सियालदाच्या फलाटांवर, आणि आल्यावर त्यांना या शहरात आपल्या गावाचं नाव असलेली एकच गोष्ट सापडली. काकांनी हे मला रात्री सांगितलं, बोलता बोलता मध्येच थांबले, पाणी प्यायले, आणि मग विषय बदलून माझ्या पगाराची चौकशी केली.

दुसरा दिवस, शनिवार, 16 ऑगस्ट

सकाळी तिकिटं आली. पीडीएफ उघडली, गेट नंबर बघितला, मित्राकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

ईस्ट बंगालची बाजू. दोन्ही तिकिटं. "तुमच्या बाजूची मिळालीच नाहीत," म्हणाला. खोटं बोलत होता हे काकिमांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी बॅगेत मोहन बागानची जर्सी आणली होती, घडी घालून, बाबांच्या जुन्या रुमालात गुंडाळून (हसू नका), ती तशीच राहिली. मित्राने कपाटातून एक राखाडी टी-शर्ट काढून दिला. राखाडी! म्हणाला यात कुणाचाच रंग नाही, आणि हिरवा रुमाल, हिरवं घड्याळ, हिरवं काही घालू नकोस.

16 ऑगस्टला कोलकात्यात फुटबॉलबद्दल चेष्टा थोडी कमी होते. 1980 मध्ये याच तारखेला ईडन गार्डन्सवर लीगचा डर्बी होता, मैदानावरच्या एका झटापटीवरून स्टँडमध्ये मारामारी सुरू झाली, दोन्हीकडचे लोक तेव्हा एकत्र बसायचे, बाहेर पडायला वाट अरुंद, चेंगराचेंगरीत 16 जण गेले. मॅच बघायला गेलेले 16 लोक. तेव्हापासून हा दिवस फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात, रक्तदान शिबिरं होतात. काका त्या दिवशी तिथे होते का असं मी विचारलं, तर ते नव्हते, त्यांना ताप होता, आणि त्यांच्या आईने आयुष्यभर त्या तापाचे आभार मानले. एवढंच बोलले. आम्ही दुपारी ईडनच्या बाहेरून एक चक्कर मारली, आत जायचा प्रश्न नव्हता.

आणि अजून एक गोष्ट, अगदी एका वर्षापूर्वीची. 18 ऑगस्ट 2024 ला ड्युरँडचाच डर्बी होता, आर जी कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर तरुणीच्या त्या भयंकर बलात्कार-खुनानंतर शहर रस्त्यावर होतं, बंदोबस्ताला पोलीस पुरणार नाहीत म्हणून मॅच रद्द केली. तर दोन्ही क्लबचे लोक स्टेडियमबाहेर जमले, शहरातल्या तिसऱ्या मोठ्या क्लबचे, मोहम्मेडनचे पण आले, एकत्र घोषणा दिल्या, पावसात भिजले आणि पोलिसांच्या लाठ्या पण एकत्र खाल्ल्या. मित्र तिथे होता. म्हणाला एका मोहन बागानवाल्याने मला पळताना हात दिला, त्याचा नंबर घ्यायचा राहिला. मग लगेच म्हणाला, "बरं झालं म्हणा, रोज मेसेज केले असते त्याने."

संध्याकाळी घरी अड्डा जमला, शेजारचे, मित्राचे मित्र, आणि मग जे सुरू झालं ते मी लिहून काढू शकत नाही कारण अर्धं कळलं नाही आणि अर्धं छापण्यासारखं नव्हतं. घोटी लोक बांगालांना लोटा म्हणतात, बांगाल लोक घोटींना माचा म्हणतात, घोटी भाजीत साखर घालतात म्हणून वेगळी खेचाखेची. आकडे असे फेकतात जसे पत्त्यात एक्के. त्यांनी 1975 टाकला, शील्ड फायनल 5-0, आमची नाचक्की, असं सांगतात की आमच्या काही खेळाडूंनी ती रात्र गंगेत होडीवर लपून काढली. मी 2009 टाकला, 5-3, चिडी एडेचे एकट्याचे चार गोल. त्यांनी 1925 काढला, पहिलाच लीगचा डर्बी, 1-0, नेपाल चक्रवर्तीचा गोल. मी 2023 ची ड्युरँड फायनल काढली, आमच्या थापाला रेड कार्ड, आम्ही दहा जण आणि तरी पेट्राटॉसच्या गोलवर 1-0. गेल्या सीझनला आयएसएलची, म्हणजे देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगची, शील्ड आणि कप दोन्ही आमचे आणि तुमचे दोन्ही डर्बी हरलेले, हे पण ऐकवलं. त्यावर एक मुलगा म्हणाला गेल्या महिन्यात कल्याणीत कलकत्ता लीगमध्ये 3-2 कुणी मारलं, आणि पुढची आयएसएल होणार तरी आहे का ते सांग. इथे सगळेच जरा गप्प झाले, कारण तेव्हा लीगचं घोंगडं भिजत पडलेलं, कधी सुरू होणार कुणालाच माहीत नव्हतं.

मग काकांनी त्यांचा हुकमी एक्का टाकला. 1997. 13 जुलै, फेडरेशन कपची सेमी फायनल, सॉल्ट लेकमध्ये 1,31,781 माणसं, आणि त्यातले एक काका. मोहन बागानचे कोच अमल दत्त, त्यांची ती डायमंड सिस्टम, म्हणजे खेळाडू हिऱ्याच्या आकारात मांडायचे, सगळ्या पेपरांत डायमंड डायमंड चाललेलं. ईस्ट बंगालने 4-1 मारलं, बायचुंग भुतियाची हॅटट्रिक. काका उभे राहिले, सोफ्यासमोर कपबश्या डायमंडसारख्या मांडल्या, आणि एकेक उचलून दाखवलं बायचुंग कुठून कसा घुसला. 28 वर्षं झाली. काकिमा स्वयंपाकघरातून ओरडल्या, कप फुटला तर बायचुंग भरून देणार का.

तिसरा दिवस, रविवार, 17 ऑगस्ट

सकाळी काका बाजारात गेले आणि इलिश घेऊन आले. इलिश म्हणजे आपल्याकडे ज्याला पाला म्हणतात तोच, फक्त इथे त्याच्या नावाने लोक रडतात. ऑगस्ट म्हणजे सीझन, तरी चांगला मोठा मासा किलोला दीड-दोन हजाराच्या घरात होता. ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश, मोहन बागान जिंकलं की चिंगडी, म्हणजे कोळंबी, हा नियम. मॅचच्या आधीच इलिश आणणं हा माज झाला असं मी म्हणालो. काकिमांनी मला खुणेने बोलावलं आणि फ्रीजर उघडून दाखवला. मागच्या बाजूला, मटारच्या पिशवीखाली, अर्धा किलो चिंगडी.

मॅच सातची, आम्ही चारलाच निघालो, जादवपूरहून लोकलने सियालदा, तिथून मेट्रो. फूलबागान आणि पुढचंच सॉल्ट लेक स्टेडियम, दोन स्टेशनं. डब्यात निम्मे लाल-पिवळे (लाल-हलुद म्हणायचं) आणि निम्मे हिरवे-मरून आणि मी राखाडी. एका हिरव्या जर्सीतल्या सात-आठ वर्षांच्या पोराने माझ्याकडे बघून झेंडा हलवला, मी हात वर करणार तेवढ्यात मित्राने माझा हात धरला. एवढं वाईट वाटलं ना. त्या पोराला वाटलं असेल काय खडूस माणूस आहे.

स्टेडियमबद्दल काय सांगू. 1984 चं, नाव विवेकानंद युवभारती क्रीडांगण, पूर्वी सव्वा लाखाच्या आसपास माणसं मावायची, 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपच्या आधी बकेट सीट वगैरे टाकून आता 68 हजारांच्या आसपास. बाहेरून बघितलं तर सिमेंटचं जहाज वाटतं. गेटवर पाण्याची बाटली काढून घेतात, नाणी पण, 2012 च्या डर्बीत आमच्या रहीम नबीला दगड लागून मॅच अर्ध्यावर थांबली होती ते विसरलेले नाहीत. माझ्या खिशात बाबांचा रुमाल होता तो पण झटकून बघितला. रुमाल पांढरा होता, वाचलो.

आत गेलो आणि समोरचं हिरवं-मरून टोक दिसलं. ते मी आयुष्यभर टीव्हीवर बघितलेलं, कॅमेरा तिकडून इकडे फिरतो तेव्हा, आणि मला नेहमी वाटायचं आपण त्या गर्दीत आहोत. आता मी समोरून बघत होतो, त्यांचा आवाज उशिरा पोचत होता, ईस्ट बंगालची खूण असलेल्या मशालीचे फोटो आणि लाल-पिवळे झेंडे यांतून ते मध्येमध्ये दिसत होते. आपल्या माणसांना शत्रूच्या खिडकीतून बघणं म्हणजे काय ते मला कधी सुचलंच नसतं, आणि खरं सांगू, तिकडून आपण फार घमेंडी दिसतो.

मॅच सुरू झाली. पहिल्या वीसेक मिनिटांतच ईस्ट बंगालचा मोरोक्कोचा स्ट्रायकर हमीद अहदाद जखमी होऊन बाहेर, आणि आत आला दिमित्रिओस दियामांताकोस. आजूबाजूला एकदम उसासे. 2023-24 ला केरळकडून आयएसएलचा टॉप स्कोअरर होता हा, पण इकडे आल्यावर गेला सीझन फारसा चालला नव्हता, माझ्या मागचा माणूस तर कपाळ बडवत होता. मी मनात म्हणालो, चला, बाबांचं पुण्य.

38 वं मिनिट. बिपीन सिंगला बॉक्समध्ये पाडला, पेनल्टी, दियामांताकोस, गोल. मागचा कपाळ बडवणारा माणूस माझ्या पाठीवर चढला. शब्दशः. मी उभा राहिलो नसतो तर संशय आला असता म्हणून उभा राहिलो, आणि उभा राहून काय करायचं ते कळेना म्हणून टाळ्या वाजवल्या, तीन-चार. देवा शप्पथ सांगतो, आयुष्यात एवढं घाण कधी वाटलं नव्हतं. मित्र हसून हसून खाली बसला.

हाफ टाइमला शेजारचे आजोबा, सत्तरीचे असतील, खांद्यावर लाल-पिवळा मफलर (त्या उकाड्यात), त्यांनी मला शेंगदाणे दिले आणि हिंदीत विचारलं कहां से. मी म्हणालो मुंबई. पुढे काही विचारलं नाही, फक्त माझ्या टी-शर्टकडे एकदा नीट बघितलं.

52 व्या मिनिटाला परत दियामांताकोस. 2-0. या वेळी मी टाळ्या पण वाजवल्या नाहीत, चपलेचा पट्टा लावत बसलो. माझ्या चपलेला पट्टा नाहीये.

आणि मग 68 वं मिनिट. पलीकडच्या गोलकडे काय झालं ते नीट दिसलंच नाही, कुणीतरी मारला, जाळी हलली, आणि आमच्या आजूबाजूला हजारो माणसं एका झटक्यात गप्प. त्या शांततेत माझ्या तोंडातून "हो!" निघालं. मराठीतला हो. मोठ्याने. अनिरुद्ध थापाचा गोल होता हे नंतर कळलं. मी उठलो होतो अर्धा, गुडघे वाकलेले, हात वर, म्हणजे ते भारतीय टॉयलेटवर बसल्यासारखं जे होतं ना तसं, आणि पुढच्या दोन रांगा वळून माझ्याकडे बघत होत्या. मित्राने डोळे मिटून घेतले.

आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि पुढच्यांना बंगालीत काहीतरी सांगितलं. लोक वळले परत मॅचकडे. मी मित्राला विचारलं काय म्हणाले. तो म्हणाला, "त्यांनी सांगितलं की या मुलाच्या पायात गोळा आला."

पुढची वीस-पंचवीस मिनिटं आमच्या पोरांनी दाबून धरलं, पण गोल काही झाला नाही. मी आजोबांचे शेंगदाणे मुठीत धरून बसलो, खाल्ले नाहीत, सोडले पण नाहीत. शिट्टी वाजली, 2-1, मशाली पेटाव्यात तसे मोबाईलचे टॉर्च लागले. आजोबा उठले, मफलर नीट केला आणि जाताना माझ्या कानाशी हिंदीत म्हणाले, गोल अच्छा था.

घरी पोचायला साडेअकरा वाजले. दारातूनच मोहरीचा वास. काका टेबलाच्या टोकाला राजासारखे, आणि समोर इलिश, सोर्षे म्हणजे मोहरीच्या वाटणातला. त्यांच्याकडे भाषण तयार होतं. 1997 मध्ये आम्ही त्यांचा डायमंड फोडला, आज बघा, आमच्याकडचा डायमंड, दियामांताकोस, नावातच डायमंड आहे, दोन गोल! हे त्यांनी पाच वेळा सांगितलं, बंगालीत, हिंदीत आणि माझ्यासाठी मोडक्या इंग्लिशमध्ये. काकिमांनी इलिश स्वतः रांधला होता, घोटी हाताने, सगळ्यांना वाढला, आणि स्वतः मात्र डाळभात घेऊन बसल्या. म्हणाल्या काटे फार असतात. मी पण डाळभातच मागितला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या ताटात इलिशचा पोटाचा तुकडा वाढला, सगळ्यात भारी तो असतो, आणि म्हणाल्या मासा कुणाचा पण असो, हंगाम थोडे दिवस असतो. खाल्ला मग. काय चव होती यार. हरल्यावर एवढं चांगलं काही खायला मिळू नये.

नंतर

सोमवारी सकाळच्या फ्लाइटने परत. ऑफिसमध्ये कुणाला काही सांगितलं नाही, तिथे सगळे मँचेस्टर आणि लिव्हरपूलवाले. जर्सी तशीच रुमालात गुंडाळलेली परत कपाटात.

बुधवारी, 20 तारखेला, ईस्ट बंगालची सेमी फायनल होती, डायमंड हार्बरशी. 2022 मध्ये काढलेला क्लब, काल-परवाचा. डायमंड हार्बर 2, ईस्ट बंगाल 1.

मित्राला फोन लावला, उचलला नाही. परत लावला, बंद. रात्री सव्वाअकराला व्हॉट्सअॅपवर अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. कढईत चिंगडीची मालाईकारी, मागे टेबलाच्या टोकाला कुणीतरी पाठ करून बसलेलं, आणि खाली हिंदीत एक ओळ, "हीरा वापस आ गया. काकू."